परतलेलं मांस

व्हिडिओ चार मिनिटं अकरा सेकंदांचा होता. त्यात एक चिनी गृहस्थ डुकराच्या मांसाचा ठोकळा उकळत्या पाण्यात सोडतो, काढतो, कापतो, कढईत भिरकावतो आणि शेवटी आपल्याकडे बघून असं हसतो की वाटावं, ह्यात काय आहे! मला हाच पदार्थ करायला दोन दिवस, एक नवी कढई, आईशी एक तह आणि शेजारच्या तात्यांची तब्येत एवढं लागलं. चार मिनिटं अकरा सेकंद नुसते माझे डोळे धुण्यात गेले.

पदार्थाचं नाव हुई-ग्वो-रौ. हुई म्हणजे परत येणं, ग्वो म्हणजे कढई आणि रौ म्हणजे मांस. अख्खा तुकडा आधी उकडायचा, मग त्याचे काप करून पुन्हा कढईत आणायचे, म्हणून कढईत परतलेलं मांस. इंग्रजीवाले ह्याला नुसतं दोनदा शिजवलेलं म्हणतात. तो अनुवाद आहे की तक्रार, कळत नाही. मराठीत मात्र परतणे ह्या एकाच क्रियापदात घरी येणंही आहे आणि कांदा लाल करणंही आहे. हा पदार्थ जगात मराठी माणसानंच करायला हवा, असं मला रात्री साडेअकरा वाजता अंथरुणात वाटलं. रात्री साडेअकराला वाटलेल्या गोष्टी सकाळी एकदा तपासून घ्याव्यात, हे शहाणपण मला एक्केचाळिसाव्या वर्षीही आलेलं नाही.

मी पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या वाटेवरच्या एका गावात राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, पण तिथल्या फारच थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. बाकीच्यांच्या मते मुळशी म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी भजी खायचं ठिकाण.

ज्या सिचुआन प्रांताचं आपण शेजवान करून टाकलं (ऐकायला शेजारच्या वाण्यासारखं वाटतं), तिथलं हे घरगुती जेवण. तिथं ऊन इतकं दुर्मीळ, की सूर्य दिसला तर कुत्री त्याच्यावर भुंकतात, अशी चिन्यांची म्हण आहे. दमट हवेनं अंगात शिरलेला ओलावा घालवायला तिखटजाळ खावं, असंही तिकडे मानतात. हे वाचून मला सख्खा भाऊ सापडल्यासारखं झालं. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या शर्टांवर बुरशी चढते, कातडी पट्ट्याला मिशा फुटतात आणि आमचा कुत्रा सूर्यच काय, कोरडा माणूस दिसला तरी भुंकतो. त्यात आखाड चालू होता. श्रावण लागायला आठ दिवस. म्हणजे औषधही आणि मुहूर्तही.

प्रश्न आईचा होता. तिला सांगताना मी मुद्दाम ‘पोर्क’ म्हणालो. इंग्रजीत सांगितलं की प्राणी जरा लांब जातो.

“पोर्क म्हणजे?”

“मटणाचाच एक प्रकार गं.”

“डुक्कर म्हण की.”

मग ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. आईचं न बोलणं हे हवामान खात्याच्या लाल इशाऱ्यासारखं असतं. फक्त तिचा इशारा कधी चुकत नाही.

“वराह अवतार आहे तो,” ती शेवटी म्हणाली.

“आई, वराह तिसरा. पहिला मत्स्य. तो तू दर बुधवारी तळून खातेस.”

“मासा जन्मभर पाण्यात असतो. धुतलेला असतो.”

ह्यावर वाद घालता येत नाही. मी मोर्चा चीनकडे वळवला, तर तिथंही ती आधीच पोचलेली. “बासष्ट साली माझ्या आईनं चीनशी लढायला हातातल्या पाटल्या काढून दिल्या. आणि तिचा नातू त्यांचं डुक्कर शिजवतोय.” मी म्हटलं, अगं, आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथल्या लोकांची सेवा करता करता १९४२ साली तिथंच वारले. ती म्हणाली, “ते औषध द्यायला गेले होते. जेवायला नव्हे.”

मुळशीला सत्याग्रहाची परंपरा आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथले शेतकरी उठले आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. धरण शेवटी झालंच. पण आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसलेल्या आईपुढे कुठल्याही कंपनीचा टिकाव लागला नसता. संध्याकाळपर्यंत तह झाला. घरातलं एकही भांडं वापरायचं नाही. घरातला गॅस वापरायचा नाही. उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. मागच्या पडवीतल्या चुलीवर काय तो धिंगाणा घालायचा आणि नंतर डोक्यावरून अंघोळ करायची. “केसांसकट,” ती म्हणाली. माझ्या डोक्याकडे बघता ही अट सगळ्यांत सोपी होती.

डुकराचं मांस आमच्या बाजूलाही मिळत असेल, पण विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तो आधी “कुणाला पाहिजे?” असं विचारतो. म्हणून शनिवारी मोटारसायकलवरून थेट पुण्याचा कॅम्प गाठला. दुकानदाराला म्हटलं, पोटाकडचं द्या, एक थर चरबी, एक थर मांस, असं. त्यानं कौतुकानं विचारलं, “सोरपोतेल?” म्हटलं, नाही, चायनीज. “घरी?” मी मान हलवली. त्यानं सुरा खाली ठेवला, मला नीट पाहून घेतलं आणि न मागता पावशेर जास्त घातलं. पहिल्या खेपेला निम्मं वाया जाणार, हा त्याचा हिशेब असावा. बिल नाही, पावती नाही. एक किलो ऐवज काळ्या पिशवीत.

त्या पिशवीनं मला भूगावच्या कोंडीत पाऊण तास छळलं. आपल्याकडे काळ्या पिशवीकडे बघून लोकांना दोनच गोष्टी सुचतात. शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी पिशवीकडे, मग माझ्याकडे पाहून समजूतदारपणे डोळा मारला. “आखाड!” ते म्हणाले. मी म्हटलं, आखाड. त्यांना वाटलेली गोष्ट बाटलीत असते आणि माझी बाटलीत नव्हती, एवढाच काय तो फरक.

मसाल्यांतल्या सिचुआन मिऱ्याची सोय मी आधीच ऑनलाइन करून ठेवली होती. किंमत लिहीत नाही, कारण हे घरचेही वाचतील. ती पुडी घेऊन येणाऱ्या मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याच कोंडीत होतो. “सर, तुमचं लोकेशन पाण्यात दाखवतंय.”

“पाण्यात?”

“धरणात, सर. मी काठावर उभा आहे. पुढं कसं येऊ?”

मी त्याला पोहत येऊ नकोस एवढंच सांगू शकलो. पुडी परतली. ह्या सबंध प्रकरणात विनासायास परतलेली ती एकमेव गोष्ट.

घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा बायकोनं विचारलं, कसं असतं ते मिरं? म्हटलं, फळाची उघडी टरफलं असतात, आतलं बी काळं, कचकचीत, ते टाकून द्यायचं. जिभेला मुंग्या येतात. ती उठली आणि मालवणहून आलेला तिचा डबा माझ्यापुढे उघडला. “बांगड्याच्या आमटीत घालतो ती तिरफळं ना ही?”

तीच नव्हेत, पण त्यांची चुलत बहीण. शास्त्रज्ञ दोघींना एकाच आडनावानं ओळखतात, झँथोझायलम. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं तो डबा माझ्या डोळ्यांपुढे होता आणि मी परदेशातून मिरं मागवत होतो.

ह्यानंतर माझी यादी भराभर मराठी होत गेली. सिचुआनी पदार्थाचा जीव म्हणजे डोबान्जियांग. मोठ्या घेवड्यासारखे दाणे आणि लाल मिरच्या मीठ घालून महिनोन् महिने उन्हात मुरवतात, तेव्हा हे लाल चिखलासारखं तिखट तयार होतं. तेवढं मुरलेलं, खारट, लाल असं आमच्या घरात एकच: आईच्या गेल्या वर्षीच्या लोणच्याचा खार. तो मी तिच्या दुपारच्या झोपेत दोन डाव काढला. निदान बरणी तरी चिनी मातीची होती. लसणाची पात हिवाळ्यात मिळते, म्हणून कांद्याची घेतली. साखरेऐवजी गूळ. सोया सॉस मात्र खराखुरा होता, पिरंगुटच्या दुकानातला. राहिली तांदळाची दारू. ती मागायला मी तात्यांकडे गेलो. तात्या शेजारचे, वय अडुसष्ट, आणि गावात कुणाच्याही घरी काहीही शिजत असलं तरी त्यांना झाकण उघडायच्या आधी कळतं. त्यांनी गोठ्यातल्या कोनाड्यातून चपटी बाटली काढली.

“तांदळाची आहे का, तात्या?”

“तांदळाची न्हाय. पण आपण भात खाल्ल्यावरच घेतो.”

शनिवारी रात्री मी चुलीवर तुकडा उकडायला ठेवला, आलं आणि दोन घोट ‘तांदळाच्या’सकट. भांडं म्हणजे कुत्र्याची पेज शिजवायचं तपेलं. आईच्या लेखी ते घरातलं भांडं नव्हे. तात्या बाटलीचं काय झालं ते बघायला आलेच.

“काय शिजतंय? कुत्र्याला पेज व्हय?”

“नाही तात्या. चायनीज.”

“मंचुरियन?”

तात्यांचा काही दोष नाही. मंचुरियन हा पदार्थ १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग नावाच्या खानसाम्यानं जन्माला घातला असं सांगतात. मंचुरियात त्याची कुणाशी ओळखही नाही. पण आमच्याकडे हळदीला, बारशाला, निवडणुकीला तोच असतो. मी सांगितलं, मंचुरियन नाही, पोर्क. तात्यांनी तपेल्यात पाहिलं, काही न बोलता मान डोलावली आणि अंधारात दिसेनासे झाले.

त्या रात्रीत बातमीचं काय झालं ते मला सकाळी कळलं. पोर्कचं डुक्कर झालं, डुकराचं रानडुक्कर झालं, आणि वाडीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत मी ते स्वतः पाडलं होतं. सात वाजता एक शेतकरी दारात. आवणी चालू असल्यानं गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं माझा हात हातात घेतला. “लई बरं केलंत! माझं अख्खं रोप तुडवलं हुतं त्यानं.” त्याच्या मागून दुसरा आला तो वाट्याचे पैसे रोख घेऊन. तिसरे गृहस्थ शिकलेले होते. ते मला बाजूला घेऊन गेले आणि कुजबुजले, “१९७२ चा वन्यजीव कायदा माहितीय ना? फॉरेस्टवाल्यांना कळलं तर जामीन मिळायचे वांधे. पावती असेल तर दाखवून टाका.”

पावती कुठून दाखवू? पुरावा म्हणून माझ्याकडे ती काळी पिशवी तेवढी होती, आणि तसल्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. म्हणजे त्या मांसाच्या सबंध प्रवासात बेकायदा अशी एकच वस्तू होती आणि नेमकी तीच मी निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून हातात धरून उभा होतो.

आता चूल. कढईत असा पदार्थ परतायला आग कशी हवी, तर गाडीवरच्या चायनीजच्या भट्टीसारखी, जिच्या आवाजात माणसाला स्वतःचं बिल ऐकू येत नाही. घरच्या शेगडीची ज्योत तिच्यापुढे निरांजन. मांसाला निरांजन ओवाळलं तर ते परतलं जात नाही, स्वतःच्या पाण्यात बसून राहतं. म्हणजे आईनं गॅस नाकारून माझ्यावर उपकारच केले होते, फक्त तिला कळू द्यायचं नव्हतं. पण जुलैतलं सरपण! अर्धा तास फुंकणी फुंकून मी सिचुआनला लाजवेल इतकं धुकं तयार केलं. शेवटी बायकोनं कुठूनशा कोरड्या गोवऱ्या आणून सारल्या आणि चूल एकदम भडकली. नव्या लोखंडी कढईला आदल्या दिवशी तेल पाजून ठेवलं होतं. ती तापली, धुरावली, आणि मी ओले काप आत सोडले.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढे जागे होतो. मोठा धूर उठला आणि तो विरल्यावर पुलाचा बराचसा भाग जागेवरच दिसला. बाकीचं काम यंत्रांना करावं लागलं. माझ्या कढईत उलटं झालं. दारूगोळा म्हणाल तर पाण्याचे चार थेंब, पण जागेवर काहीच राहिलं नाही. तेल कौलांपर्यंत गेलं. मी मागे सरलो, तर पडवीच्या कौलांतून पाऊस मानेवर. तेव्हा तात्यांनी त्यांचं आवणीचं इरलं माझ्या डोक्यावर ठेवलं. चार पावसाळ्यांचं ते इरलं पुढं झुकवलं की तेल अडतं आणि मागं रेललं की पाऊस अडतो. दोन्ही एकदम अडवायचं असेल तर माणसाला सारखं नमस्कार घालावे लागतात. मी ते घालत घालत परतत होतो.

व्हिडिओतले काप दोन मिनिटांत कडेनं वळून पणतीसारखे खोलगट झाले होते. चिनी लोक त्या आकाराला दिव्याची वाटीच म्हणतात. माझे काप विळीवर आळुवडीच्या मापाने पडल्यामुळे वळायचं काही मनावर घेईनात. मग खार घातला. मग सुक्या मिरच्या. मग तिरफळं, एक चमचा. कुठला चमचा ते व्हिडिओत नव्हतं. मी वाढायचा घेतला.

मिरच्या लागल्या आणि ठसका उठला. आधी मला, मग बायकोला, मग कुत्र्याला, मग पडवीत वाट्यासाठी थांबलेल्या मंडळींना. घरात आई खोकली आणि तिनं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. ताम्हिणीला निघालेलं एक कुटुंब धुराच्या मागावर थेट पडवीत.

“दादा, चुलीवरचं आहे का?”

आमच्या रस्त्याला दर दोनशे मीटरला एक ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’ अशी पाटी आहे. डोक्यावर इरलं, डोळ्यांत पाणी, हातात उलथनं, मागे गर्दी. ह्यापेक्षा अस्सल त्यांना कुठं मिळणार होतं?

“चुलीवरचंच आहे,” मी म्हणालो, “पण चायनीज.”

त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा बघवेना. “म्हणजे गावरान नाही?” बाईंनी विचारलं. मी सांगणार होतो की आलं, लसूण आणि चुलीचा धूर धरून ह्यात नव्वद टक्के गावरानच आहे. चिनी म्हणावं असं बरणी, सोया सॉस आणि माझा मोबाइल. पण ते निघाले. जाताना त्यांनी इरल्यासकट माझा फोटो काढला.

जेवायला आम्ही पडवीतच बसलो. इंद्रायणीचा भात आणि मधे कढई. पहिलं ताट तात्यांचं.

“तात्या, तुम्ही खाता?”

“छ्या! आपण डुक्कर न्हाय खात,” तात्या ताट पुढं करत म्हणाले. “चायनीज खातो.”

सकाळच्या शेतकऱ्यानंही तेच धोरण ठेवलं. कायदेपंडितांनी तर एक अक्षर न बोलता दोनदा घेतलं. काप जाड होते, पण चरबी कडेला कुरकुरीत झालेली, लोणच्याच्या खारानं आंबट-तिखट धरलेली, मधूनच गुळाची चव, आणि सगळ्यावर चुलीचा धूर. मी मनातल्या मनात त्या चिनी गृहस्थाकडे बघून हसलो.

आणि तात्यांच्या हातातला घास थांबला.

“अरं,” ते म्हणाले, “माझं तोंड गेलं.”

“तिखट लागलं का?”

“तिखट न्हाय. तोंडच न्हाय. ओठ हायेत का बघ.”

ओठ होते. पण तात्यांचा त्यावर विश्वास बसेना. त्यांच्या चुलत्याच्या अंगावरून वारं गेलं होतं तेव्हा अशीच सुरुवात झाली होती म्हणे. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, धाकट्याला बोलवा म्हणाले, आणि ओढ्याकाठच्या जमिनीबद्दल काहीतरी सांगायला लागले. शेतकरी पौडच्या डॉक्टरांना फोन लावायला उठला, तोच त्याचेही ओठ गेले. मग कायदेपंडितांचे. एकमेकांचे ओठ तपासत तिघं भिंतीला ओळीनं बसले. माझ्याही जिभेत मधमाश्यांचं पोळं बसलं होतं, पण मला त्याचं नाव माहीत असल्यामुळे मी निर्धास्त होतो.

“काही नाही तात्या, तिरफळं आहेत. तिरफळं.”

“त्रिफळा? मग ते रात्री घ्यायचं की गरम पाण्यात! जेवणात कोण घालतं?”

दहा मिनिटांत मुंग्या उतरल्या. तात्यांनी ओठांवरून बोट फिरवलं, हजेरी घेतल्यासारखं. ओढ्याकाठच्या जमिनीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. थोडं पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाटली न उघडता असं पयल्यांदाच झालं. आनखी हाय का?”

आई उंबऱ्याच्या आत बसून हे सगळं पाहत होती. पंगत उठत आली तेव्हा तिनं बायकोला हाक मारली. “त्यात कांद्याची पात दिसतेय गं.”

“आहे ना.”

“तेवढी दे वाटीत. नुसती पात. पातीला काय होतंय?”

पात दिली. वाटी रिकामी परतली. पुन्हा पात दिली. तिसऱ्या वाटीत एका पातीला चुकून एक काप चिकटलेला होता. तो परत आला नाही. “खार चांगला मुरलाय,” ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून कळलं की बरणीची पातळी तिला आदल्या दुपारीच समजली होती.

ही गोष्ट आखाडातली. पंगत आटोपल्यावर तात्या म्हणाले, कढई झकास आहे, दोन दिवसांकरता नेतो, मटण करून बघतो. मी दिली. त्यानंतर श्रावण लागला. तात्या श्रावण कडक पाळतात. शनिवार-सोमवार उपास, गळ्यात उपरणं, बोलण्यात देव. फक्त रोज दिवेलागणीला त्यांच्या गोठ्यामागून धूर निघताना दिसतो. विचारलं तर म्हणतात, डास लई झालेत. काल आमच्या हिच्याकडून त्यांनी मूठभर तिरफळंही नेली, डासांवरच. आई म्हणाली, “द्या हो. मालवणी डास असतील.”

आज श्रावणातला तिसरा शनिवार. कढई अजून परतलेली नाही.